तळाशी लालसर गाळ

“सील शाबूत होतं, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?” आरोपीच्या वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“हो. स्वतः.”

“शिपायाने पाहिलं आणि तुम्ही नुसती सही ठोकलीत, असं तर नाही?”

“नाही. बाटली मी हातात घेतली. लाखेवरचा ठसा वेगळ्या पाकिटातून आलेल्या ठशाशी ताडून पाहिला. वहीत लिहिलं, वेळ घातली, सही केली.”

मी मालवणच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. समोरच्या पिंजऱ्यात आरोपी आत्माराम तेली. वय पन्नाशीच्या आसपास, धुतलेला पण बिनइस्त्रीचा सदरा, टोपी हातात. मालवणपासून चार-पाच मैलांवर त्याचं गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत तिथे. घरच्या पडवीत त्याचा लाकडी घाणा होता. एक बैल, एक घाणा, आणि पुढच्या फळीवर तेलाचे डबे, एवढंच दुकान. खोबरेल तेलात करंजाच्या तेलाची भेसळ केली, असा त्याच्यावर आरोप होता. करंजाचं तेल कडू असतं. पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात. होड्यांच्या लाकडाला लावायला आणि दिव्याला ते चालतं, खायला नाही.

भेसळीचा कायदा नुकताच कडक झाला होता. गुन्हा शाबीत झाला तर किमान सहा महिने तुरुंग. आणि तो शाबीत व्हायचा की नाही, हे सगळं माझ्या एका कागदावर होतं.

मी तेव्हा घाटावरच्या एका सरकारी लॅबमध्ये पब्लिक ॲनालिस्ट होतो. म्हणजे फूड इन्स्पेक्टरने दुकानातून नमुना घ्यायचा, तो माझ्याकडे यायचा, मी तपासून रिपोर्ट द्यायचा. मूळचा मी वेंगुर्ल्याचा. त्यामुळे दक्षिण रत्नागिरीतली केस असली की चीफ मलाच पाठवायचे. “तुमची भाषा आहे, जा तुम्ही,” म्हणायचे. आंबोली घाट उतरताना माझं पोट ढवळायचं, पण गावची हवा मिळायची म्हणून मीही जायचो.

नमुन्याची पद्धत आधी सांगतो. इन्स्पेक्टर दुकानातून तेल घेतो, त्याचे तीन सारखे भाग करतो. तीन बाटल्या. तिन्हींना दोरा, लाख, सील. एक बाटली लॅबला. एक इन्स्पेक्टरकडे, कोर्टात दाखवायला. आणि एक खुद्द दुकानदाराला. ही तिसरी बाटली फार महत्त्वाची. माझा रिपोर्ट दुकानदाराला पटला नाही, तर कोर्टाला अर्ज करून तो आपली बाटली वरच्या लॅबकडे पाठवू शकतो. वरच्या लॅबचा निकाल आला की माझ्या रिपोर्टाला कुणी विचारत नाही. म्हणजे ती बाटली हे त्याचं कवच. फक्त सील जसंच्या तसं हवं.

आता लॅबमधलं. आम्ही जे करायचो त्यातलं रसायनशास्त्र थोडं, आणि वकिलाला तोंड देण्याची तयारीच जास्त. वहीची पानं छापील नंबरांची. लिहायचं शाईने. आकडा चुकला तर खोडरबर लावायचा नाही, ब्लेडने खरवडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. प्रत्येक तपासणी दोनदा करायची. का? तर उद्या कुणी विचारलं, “साहेब, तुमचा हात हलला नसेल कशावरून?” तर म्हणता आलं पाहिजे, दोन वेळा हलून तोच आकडा कसा येईल?

हा धाक आमच्यात एका केसमुळे बसला होता. माझ्या आधी जे ॲनालिस्ट होते ते विद्वान, पण बडबडे. तुपाचा एक मोठा व्यापारी पकडला होता. रिपोर्ट बिनचूक. यांनी साक्षीत न विचारलेलं सांगितलं, गाईचं तूप काय, म्हशीचं काय, सरकी खाणाऱ्या म्हशीचं काय! वकिलाने त्यातलंच एक टोक धरून ओढलं आणि व्यापारी सुटला. चीफचा पार संताप झाला. मी खुर्चीवर बसलो त्या दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं.

“कोर्टात विचारलं तेवढंच बोलायचं. हो, नाही, आठवत नाही. चौथा शब्द नको. कळलं?”

“कळलं, सर.”

“आपण विद्वान नाही. आपण वजनकाटा आहोत. वजनकाटा कधी गप्पा मारतो का?”

मी तो उपदेश अगदी देवाची आज्ञा मानल्यासारखा मानला. तोवर एकाही केसमध्ये माझा रिपोर्ट पडला नव्हता. मला त्याची घमेंड होती, उगाच कशाला लपवू?

आत्मारामची बाटली माझ्याकडे आली ती ज्येष्ठात. बाटली उजेडाला धरून पाहायची, दिसेल ते वहीत लिहायचं, ही पहिली पायरी. मी लिहिलं, ‘तेल किंचित हिरवट, वास उग्र. तळाशी लालसर गाळ, अगदी थोडा. कापसाचा एक धागा.’ मग तेल फिल्टर पेपरमधून गाळून घेतलं. गाळल्याशिवाय तपासणी होतच नाही, तशी पद्धतच आहे. पुढचे सगळे आकडे गाळलेल्या तेलाचे.

तेल तपासायला एक यंत्र असतं, त्याला आम्ही बी.आर. म्हणतो. तेलाचे दोन थेंब काचेवर घालायचे आणि दुर्बिणीतून पाहिल्यासारखं पाहायचं. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा. शुद्ध खोबरेल पस्तिसाच्या आसपास राहतं. हे चाळिशीच्या पुढे गेलं. दुसऱ्यांदा घेतलं, तेच. मग करंजाची कसोटी. एक औषध टाकायचं, करंज असेल तर नारिंगी रंग येतो. शेजारच्या नळीत शुद्ध खोबरेल ठेवलं होतं, ते ढिम्म राहिलं. ही नारिंगी झाली. शंकेला जागाच नव्हती. मी रिपोर्ट लिहिला, ‘भेसळयुक्त’.

रिपोर्टाचा फॉर्म छापील होता. आकड्यांना रकाने होते, मताला रकाना होता. लालसर गाळाला रकाना नव्हता. तो वहीत राहिला.

तर कोर्ट. वकील तरुण होते, हुशार होते, पण या कायद्यातली त्यांची पहिलीच केस असावी. त्यांनी माझी वही मागितली. मी दिली. त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहिलं. ते काय शोधत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. खाडाखोड. ती नव्हती. एका ठिकाणी रेघ मारलेला आकडा होता, खाली सही.

“हा आकडा का बदललात?”

“आधी चुकीच्या ओळीत लिहिला होता. योग्य ओळीत घेतला. सही आहे.”

“यंत्र बरोबर चालतं कशावरून?”

“रोज सकाळी तपासतो. त्या दिवशीची नोंद मागल्या पानावर आहे.”

त्यांनी वही परत केली. त्यांचं बोट ‘तळाशी लालसर गाळ’ या ओळीवरूनच गेलं होतं, पण ते आकडे शोधत होते. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहून जरा मान हलवली. म्हणजे छान चाललंय. मलाही मनातून गुदगुल्या होत होत्या.

मग तिसरी बाटली निघाली. मॅजिस्ट्रेट शांत गृहस्थ होते, चष्मा नाकावर, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी बचावाच्या वकिलांना विचारलं, “तुमच्याकडची बाटली वरच्या लॅबला का पाठवली नाही?”

वकिलांनी मान खाली घातली आणि पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. रिकामी. लाख फोडलेली, दोरा गळ्याशी लोंबत होता.

सरकारी वकील उभेच राहिले. “युवर ऑनर, आरोपीने पुरावा नष्ट केला. तेल चांगलं असतं तर सील फोडायची गरज काय होती?” मग माझ्याकडे वळून, “ॲनालिस्टसाहेब, या बाटलीची आता तपासणी होऊ शकते?”

“नाही,” मी म्हणालो.

मॅजिस्ट्रेटनी आत्मारामला विचारलं, “सील का फोडलंत?”

कोर्टात सगळे शुद्ध बोलतात. आत्मारामनेही सुरुवात तशीच केली. “साहेब, मी... ते तेल...” आणि मग त्याचा बांध फुटला.

“तां खावचा तेल न्हय, सायब! देवाचा तेल तां! करंजाचा तेल काढला काय घाण्यात कडूपण रवता. म्हणान त्याच्या नंतरची पयली खोबऱ्याची घाणी आमी देवाक देतंव. दिव्याक. आमच्या आज्या-पणज्यापासून आमचो मान तो. डब्याक हळद-कुंकू लावन फुडे फळयेर ठेवलेलो. मी घरात नाय होतंय. सायबान तोच डबो दाखवलो. देवाचा तेल कोणी मागला तर नाय म्हणूचा नसता, म्हणान बायलेन दिला!”

“आणि ही बाटली?”

“देवाचा तेल घरात कसा ठेवतलंय? समयेत ओतलंय. देवळात जावन ओतलंय, सायब.”

कोर्टात दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही. ‘कुंकू’ हा शब्द माझ्या कानावर आला आणि माझी नजर खाली गेली. वही माझ्या हातातच होती. पान तेच. तळाशी लालसर गाळ. कापसाचा एक धागा. डब्यावरचं कुंकू आणि देवळात जाऊन येणाऱ्या त्या डब्यात राहिलेला वातीचा कापूस! मी ते बाटलीतून गाळून, फिल्टर पेपरसकट कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. इन्स्पेक्टर देशावरचे, या भागात नवे. त्यांनी नमुना घेताना केलेला पंचनामा मघाशी वाचून दाखवला होता. ‘किंमत देऊ केली, विक्रेत्याच्या पत्नीने ती घेतली नाही, म्हणून फळीवर ठेवली,’ असं त्यात होतं. अहो, दुकानदाराची बायको पैसे घेत नाही, हे कुणाला खटकायला नको? देवाच्या तेलाचे पैसे ती कशी घेणार! सील लागेपर्यंत आत्माराम आला. त्याने सांगून पाहिलं. इन्स्पेक्टर म्हणाले, लिहून झालंय, सांगायचं ते कोर्टात सांग. बायकोचं नाव नको म्हणून त्याने स्वतःचा अंगठा दिला.

“प्रत्येक भेसळवाला देवाचंच नाव घेतो,” सरकारी वकील म्हणाले. “दुकानाच्या फळीवर होतं ना? मग विक्रीलाच होतं.”

“देवस्थानचे कुणी साक्षीला आहेत?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

नव्हते. वकील त्यांच्याकडे जाऊन आले होते. गावच्या मानकऱ्यांनी सांगितलं होतं, देवाला कोर्टात ओढायचं नाही. झालं.

मॅजिस्ट्रेटनी पंचनामा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी टोचत होतं, हे मला स्पष्ट दिसलं.

“ॲनालिस्टसाहेब, तुमच्या रिपोर्टात तुम्हाला काही भर घालायची आहे का?”

हे असं कोर्ट सहसा विचारत नाही. दार उघडून दिलं होतं त्यांनी. मी एक ओळ वाचायची होती. फक्त एक ओळ. त्याने आत्माराम सुटलाच असता, असं मी म्हणत नाही. पण त्याचं बोलणं खरं धरायला त्यांच्या हाती काहीतरी आलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं, सांगू? चीफ आले. तुपाचा तो व्यापारी आला. ‘वहीत आहे ते रिपोर्टात का नाही?’ असं विचारणारा सरकारी वकील आला. उद्या प्रत्येक केसमध्ये माझी वही उलटीपालटी होईल, हे आलं. आत्माराम समोर उभा होता, तो तेवढा आला नाही.

“नाही, सर,” मी म्हणालो.

सहा महिने. वर दंड. आत्मारामने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. कुठे जायचं ते त्याला कळेना. पोलिसाने दंडाला धरून नेलं.

मी एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. एक बाई येऊन समोर उभी राहिली. डोळे कोरडे, पदर घट्ट आवळलेला. कोर्टात भिंतीशी बसली होती, ती आत्मारामची बायको.

“सायब, तुमी वेंगुर्ल्याचे मां?”

“होय, वयनी.”

“त्या बाटलेत तुमका कुंकू नाय गावला? माझ्या हातचा लावलेला. जरासा आत पडला होता.”

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती माझ्या बोलीत विचारत होती. कोर्टात जे जमलं ते इथे जमेना.

“गावला, वयनी. पण आमी तेल आदी गाळून घेतंव.”

“आणि गाळलेला?”

“फेकून देतंव.”

तिने एकदाच मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वळली आणि गेली. माझी गाडी लागली, मी चढलो.

लॅबमध्ये चीफनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. “साक्ष म्हणजे काय, यांच्याकडून शिका!” मी त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेलो आणि वही पुढे ठेवली. गाळाची ओळ दाखवली, कुंकवाचं सांगितलं.

“रिपोर्ट खोटा आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“करंज होतं?”

“होतं.”

“मग? डबा कुणाचा होता ते शोधणं तुमचं काम आहे का?”

“माझं नाही, सर. पण दिसलं ते सांगणं माझं काम होतं.”

“विचारलं होतं?”

“हो. मॅजिस्ट्रेटनी विचारलं होतं.”

चीफनी वही मिटली. माणूस वाईट नव्हता तो. मग म्हणाले, “केस संपली. आता लिहून पाठवलंत तर लॅबच बुडेल. पुढच्या सगळ्या केसेस बुडतील. बघा काय ते.” त्यांनी बंदी घातली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मीच लिहिलं नाही. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. भ्यालो, दुसरं काय! अपील होईल, तिथे बघू, असं स्वतःला समजावत राहिलो. वकिलांनी आत्मारामला अपील कर म्हणून सांगितलंही होतं. तो नको म्हणाला. आणखी एक कोर्ट त्याला बघायचं नव्हतं.

पुढे तीनेक वर्षांनी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मालवणात गेलो. पंगतीत शेजारच्याला सहज विचारलं, तो आत्माराम तेली कसा आहे? तो म्हणाला, “सुटान इलो. पण देवळातल्या तेलाचो मान काढून घेतलो त्याचो. भेसळवाल्याचा तेल देवाक कसा चलात?”

माझा हात पानावरच थांबला. कोर्टात त्याने तुरुंगाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मानाबद्दल बोलला होता. ज्या तेलापायी तो आत गेला ते देवाचं होतं. आणि आता त्यानेच ते देवाला द्यायचं नाही! मी जेवण अर्धं टाकून उठलो. सगळ्यांना वाटलं, पोट बिघडलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी गेलो. घर दिसलं. पडवीत घाण्याच्या जागी मातीत गोल खळगा होता आणि त्यात नारळाच्या करवंट्या टाकल्या होत्या. आत्माराम खांबाला टेकून सुंभ वळत बसला होता. त्याने मला लगेच ओळखलं. उठला, पायरीवर चटई टाकली.

“बसा, सायब.”

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गाळ, धागा, वहीतली ओळ, मॅजिस्ट्रेटचा प्रश्न आणि माझं ‘नाही’. तो ऐकत होता, हात सुंभावरून फिरत होते. बोलून झालं तरी हात थांबले नाहीत.

“म्हणजे वहीत लिवलेला होता?” त्याने विचारलं.

“होता.”

“माका वाटला, तुमका दिसलाच नाय. मी तसाच मानून घेतलेलंय. नाय दिसला तर माणूस काय करतलो?”

त्याची बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, “देवळात येवन सांगशात? मानकऱ्यांका?”

“आत्ताच चला,” मी म्हणालो.

देवळाच्या मंडपात चार-पाच मानकरी जमले. समई पेटलेली होती. वास घेतला आणि कळलं, बाजारातलं डब्याचं गोडेतेल. इतकी वर्षं तेलात काढली, नाक चुकत नाही. मी खिशातून लॅबच्या कामाचा एक कोरा कागद काढला आणि त्यांच्यासमोर लिहिला. तारीख, नमुन्याचा नंबर मला पाठ होता. ‘तळाशी लालसर गाळ. माझ्या मते कुंकू. कापसाचा एक धागा. माझ्या मते वात. हे तेल खाण्यासाठी विक्रीला ठेवलेलं नव्हतं, दिव्याचं होतं, असं माझं मत आहे. हे मी कोर्टात सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. मग मोठ्याने वाचून दाखवलं.

पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे मानकरी होते. त्यांनी विचारलं, “तेवा सांगूक काय झालेला?”

“घाबरलंय,” मी म्हणालो.

त्यांनी समईची वात बोटाने पुढे सारली. मग म्हणाले, “आमीव तेवा येवक नाय कोर्टात. आमीव भियालेलंव. देवाचा नाव फुडे केला.” आणि आत्मारामकडे वळून, “आत्मारामा, मान तुझो तुका. फुडल्या करंजापासून पयली घाणी परत तुझी.”

आत्मारामने समईला हात जोडले. मग शांतपणे म्हणाला, “घाणी खंयची, काका? घाणो खंय आसा?”

तो तुरुंगात असताना दंड भरायला बायकोने बैल विकला होता. बैल नाही तर घाणा कशाला, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी घाण्याचं लाकूड सरपणाच्या भावाने गेलं होतं. गावात दुसरा घाणा नव्हता. नवा घडवणारा सुतारही उरला नव्हता आणि लोक आता गिरणीचं तेल घेत होते. मान होता, पण तो बजावायला घाणा नव्हता.

परतताना आत्माराम म्हणाला, “तो कागद माका देवा.” दिला. घरी त्याने माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. रिकामा. कडेला हळद-कुंकवाची बोटं अजून होती, काळपट पडलेली. त्याने माझा कागद चार घड्या घालून आत ठेवला आणि झाकण लावलं. बायकोने मला चहा दिला. मी तो प्यालो, कसा ते मलाच माहीत.

त्यानंतर वीस वर्षं नोकरी केली. फॉर्म मी बदलू शकलो नाही, तो सरकारचा. पण माझ्या प्रत्येक रिपोर्टात मताच्या रकान्याखाली, ‘गाळण्यापूर्वी दिसलेलं’ अशी एक ओळ मी हाताने लिहीत गेलो. वकिलांनी त्यावरून मला छळलं, दोन केसेस त्यापायी पडल्याही. हाताखालच्या मुलांना वहीची शिस्त शिकवली. विचारलं तेवढंच बोला, हे मात्र एकालाही शिकवलं नाही.

आत्मारामला दिलेल्या कागदावर जावक क्रमांक नव्हता, शिक्का नव्हता, लॅबमध्ये त्याची प्रत नाही. कोर्टात तो दोन मिनिटंही टिकला नसता. ते दोन सोडले तर माझे बाकीचे सगळे रिपोर्ट टिकले.